पत्रकात ‘गाठ’ लिहू की ‘अर्बुद’?

सई: बायकांसाठीचं आरोग्यपत्रक मराठीत आणतेय. क्लॅमिडियासारखे लैंगिक संसर्गाचे जिवाणू आणि अंडाशयातले ट्यूमर, असा विषय आहे. ट्यूमरला ‘अर्बुद’ कुणी म्हणत नाही, आणि ‘गाठ’ तर सोनोग्राफीत पाणी दिसलं तरी म्हणतात. काय लिहू?

पोथीकाका: ‘गाठ’ ही ‘ग्रंथी’चीच लेक. सुश्रुताने निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद एकाच अध्यायात, पण वेगवेगळे सांगितले आहेत. अर्बुद कसं? ‘वृत्तं स्थिरं मन्दरुजं महान्तमनल्पमूलं चिरवृद्ध्यपाकम्’. गोल, जागचं न हलणारं, कमी दुखणारं, मोठं, खोल मुळांचं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं. त्यातला ‘अपाक’ तुझ्या कामाचा आहे बघ.

ओपीडीतली: काका, अगदी नेमकं बोट ठेवलंत! क्लॅमिडिया किंवा गोनोरिया (जुन्या माणसांचा परमा) गर्भनलिकेत चढला की कधीकधी नळी आणि अंडाशय मिळून पू धरतात. सोनोग्राफीत ते ट्यूमरसारखं दिसू शकतं, रक्तातलं सीए-१२५ही (अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय आला की तपासतात ते प्रथिन) वाढतं. पण ते पिकलेलं असतं, त्यावर अँटिबायोटिक्स चालतात, कधी पू काढावा लागतो. नुसतं ‘गाठ’ म्हटलं की घरच्यांना कॅन्सरच ऐकू येतो. म्हणून ‘पाण्याची गाठ’, ‘पुवाची गाठ’, ‘कॅन्सरची गाठ’ असं फोडून लिही.

सई: आणि ‘क्लॅमिडियामुळे कॅन्सर होतो’ हे वाक्य?

ओपीडीतली: ‘मुळे’ काढ. २०१९मध्ये पोलंड आणि अमेरिकेतल्या स्त्रियांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात जुन्या क्लॅमिडियाची प्रतिपिंडं (संसर्गाशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) सापडली त्यांच्यात अंडाशयाचा कॅन्सर जास्त आढळला. असे बरेच कॅन्सर मुळात गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतात, त्यामुळे तिथे रेंगाळणाऱ्या सुजेवर संशय जातो. पण कारण सिद्ध झालेलं नाही.

पोथीकाका: मग ‘संबंध’ लिहावं का?

ओपीडीतली: नको हो! या विषयात ‘संबंध’ वाचलं की बाई शरीरसंबंधच समजणार, आणि ‘संबंध ठेवले म्हणून कॅन्सर’ असा अर्थ घरी पोचेल. ‘ज्यांना हा संसर्ग होऊन गेला त्यांच्यात जास्त आढळला’ एवढंच लिही. ‘गुप्तरोग’ही नको. क्लॅमिडियात बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही, कित्येकींना तो नवऱ्याकडूनच आलेला असतो, आणि ‘गुप्तरोग’ म्हणताच बोट तिच्याकडे वळतं.

सई: ‘लैंगिक संसर्ग’ करते. शेवटी ‘औषध दोघांनीही घ्यावं’ ही ओळ ठळक अक्षरांत टाकते.