मदत हवी आहे: रेकॉर्ड प्लेअर तीन पट्ट्या खाली वाजतोय, पण स्ट्रोब म्हणतो सगळं ठीक आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीत गावभागात राहते. जॅझमधलं मला काहीही कळत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी चिडायला नको.

माझे मामा तीसेक वर्षं शिकागोला होते. ते परत आले तेव्हा जहाजाने खोकी आली. त्यात एक रेकॉर्ड प्लेअर आणि शंभरेक एलपी, बहुतेक सगळ्या जॅझच्या. त्यांच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती म्हणून खोकी आमच्याकडेच पडून राहिली, ती त्यांनी कधी उघडलीच नाहीत. गेल्या वर्षी मामा गेले. मामी म्हणाली, आता तुम्हीच ठेवून घ्या.

प्लेअर साठच्या दशकातला आहे. १६, ३३, ४५ आणि ७८ असे चार वेग. कार्ट्रिजचा खटका उलटा केला की ७८ची जाड सुई खाली येते. अमेरिकन आहे म्हणून २३०चं ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला आणि आमच्या जुन्या अॅम्प्लिफायरला जोडला. वाजला! पण काहीतरी चुकतंय.

ते पहिल्यांदा आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लक्षात आलं. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. मेव्हण्याच्या वस्तूला नाव ठेवायची संधी ते सहसा सोडत नाहीत, म्हणून मी आधी कानाडोळा केला. पण त्यांनी आजोबांची अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ची रेकॉर्ड लावली आणि म्हणाले, "खाँसाहेबांचा आवाज एवढा भरदार कधीच नव्हता." मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात लहानपणापासून रात्री जागवलेल्या माणसाशी यावर वाद कोण घालणार?

मग माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' लावली. तिच्या दुसऱ्या बाजूचं 'ऑल ब्लूज' फोनवर ऐकलं तर आप्पांच्या पेटीवर पांढरी पाचात बसतं. प्लेअरवर तेच पांढरी तीनात, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली, त्याहूनही किंचित खाली. लयही रेंगाळलेली. जेवण अंगावर आलेल्या बँडवाल्यांसारखी.

आतापर्यंत काय केलं: तेल घातलं, धूळ काढली, खटका ३३वरच आहे याची दहा वेळा खात्री केली. खोक्यात रेघांची एक गोल पुठ्ठ्याची चकती, म्हणजे स्ट्रोब, मिळाली. ती फिरत्या तबकावर ठेवून ट्यूबलाइटखाली पाहायची, रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, असं वाचलं. रेघा अगदी स्थिर दिसतात! मग वेग बरोबर आणि सूर चूक, हे कसं? अर्ध्या तासात मोटर बरीच तापते, तेही लिहून ठेवते.

दुसरा प्रश्न: एक खोकं २०१९च्या पुरात खालच्या खोलीत होतं. वीसेक एलपी आणि आजोबांच्या काही रेकॉर्ड्सवर गाळ वाळून बसलाय. कव्हरं गेलीच. रेकॉर्ड्स वाचतील का?

खमंग_भडंग

बेल्ट सैल झालाय. बदला. रेकॉर्ड्स विकायच्या असतील तर मेसेज करा, एकगठ्ठा घेतो.

कृष्णाकाठ

याला बेल्टच नाही. आत रबरी चाक आहे, ते मोटरच्या दांड्यावरून फिरतं आणि तबकाला आतून घासतं. विकायच्या नाहीत.

जुनी_सुई

रबरी चाक घसरत असेल तर वेग कमी-जास्त होत राहील, सूर हेलकावे खाईल. तुमचा सूर खाली आहे पण एका जागी आहे, म्हणजे चाकाचा दोष नसावा. स्ट्रोब तूर्त बाजूला ठेवा. तबकाच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि फेरे मोजा. ३३⅓चा वेग म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे. रेकॉर्ड चढवलेली ठेवा आणि सुई टेकवूनच मोजा.

कृष्णाकाठ

दोनदा मोजले. आप्पा मोठ्याने आकडे म्हणत होते, मी फोनवर घड्याळ लावलं होतं. दोन्ही वेळा ८३ आणि वर थोडंसं. म्हणजे स्ट्रोब खोटं बोलतोय?

लेथवाला_कुपवाड

खोटं नाही बोलत. त्याला विचारलेला प्रश्न अमेरिकेचा आहे. त्या चकतीवर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचून सांगा.

कृष्णाकाठ

आप्पांचं भिंग घेऊन वाचलं. 'सिक्स्टी सायकल्स' असं आहे.

लेथवाला_कुपवाड

मिळालं उत्तर. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (म्हणजेच ते सायकल्स) बदलत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. या जातीच्या मोटरचा वेग ठरतो तो हर्ट्झवर. ६०साठी बनवलेली मोटर आपल्याकडे सहातले पाच भागच फिरणार. ३३⅓चे झाले २७.८. शंभर फेऱ्यांचे ८३. ७८चे ६५, म्हणून खाँसाहेब भरदार. सूर तीन पट्ट्या आणि वर थोडा उतरतो, आप्पांनी सांगितला तेवढाच.

आता स्ट्रोब. ६०च्या चकतीवर २१६ रेघा असतात. तिकडचा विजेचा दिवा सेकंदाला १२० वेळा लुकलुकतो, तुमची चोकवाली ट्यूब १०० वेळा. मोटर जेवढी मागे पडली तेवढीच ट्यूबही मागे पडली, त्यामुळे रेघा जागच्या जागी. दोघे लबाड एकमेकांची साक्ष देतायत. ५० हर्ट्झची चकती १८० रेघांची असते. ती छापून घ्या आणि त्याच ट्यूबखाली ठेवा, रेघा पळताना दिसतील. एलईडीखाली बघू नका, बहुतेक दिवे नीट लुकलुकतच नाहीत.

मोटर तापते त्याचंही कारण हेच. कमी हर्ट्झवर ती जास्त करंट ओढते. ट्रान्सफॉर्मरला १०० व्होल्टचा टॅप, म्हणजे वेगळी जोडणी, असेल तर त्यावर चालवा.

उपाय: मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची पुली आहे, प्रत्येक वेगाला एक पायरी. मोटर बदलायची नाही, पुली जाड करायची. प्रत्येक पायरीचा व्यास १.२ पट. पितळेची नवी पुली कोणीही चांगला टर्नर करून देईल. फक्त भोक मधोमध हवं. केसभर जरी सरकलं तरी पियानोचा सूर थरथरेल. व्हर्नियरवर भागणार नाही, मायक्रोमीटरने मापं घ्या. नाहीतर शेडवर घेऊन या, शनिवारी लेथ मोकळं असतं.

जुनी_सुई

पुराच्या रेकॉर्ड्सचं सांगतो. आधी दोन ढीग करा, कारण इथे चुकलात तर पुन्हा संधी नाही. एलपी विनाइलच्या, त्या किंचित वाकतात. आजोबांच्या ७८च्या लाखेच्या, वाकवल्या तर मोडतात, त्यामुळे वाकवून बघू नका, वजनावरूनच कळेल.

विनाइलला गाळाचं फार काही होत नाही. गाळ सुका खरवडायचा नाही, त्यातली वाळू चरीत ओरखडे काढते. आधी भिजू द्या. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, लिटरभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोनच थेंब. मऊ ब्रश चरींच्या दिशेने गोल फिरवा, आडवा नाही. लेबल ओलं होऊ देऊ नका. शेवटी नुसत्या डिस्टिल्डने विसळा. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार चरीत बसतात आणि मग आयुष्यभर चरचर. वाळवायला ताटाळं उत्तम. पंख्याखाली उभ्या ठेवा, उन्हात नको, थाळीसारख्या वाकतील.

लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नका. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात, हे डोळ्यांसमोर ठेवा. पाण्यातही जास्त वेळ ठेवू नका. ओल्या कापडाने पुसा, लगेच कोरड्या करा.

कृष्णाकाठ

सगळ्यांना खबर. आप्पा आणि मी शनिवारी कुपवाडला जाऊन आलो. ३३ची पायरी ४.७० मिलिमीटर होती, ती ५.६४ झाली. बाकीच्या तिन्ही त्याच हिशेबाने. पैसे घेतले नाहीत, आप्पांना चहा मात्र दोनदा पाजला. १८० रेघांची चकती झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर छापली. रेघा उभ्या! फेरे मोजले, बरोबर १००.

'ऑल ब्लूज' पांढरी पाचात, काटेकोर. सहाच्या ठेक्यात आहे म्हणून आप्पा मांडीवर दादरा धरून बसले होते. खाँसाहेबही पुन्हा बारीक आणि उंच झाले. ते वाजत होते तोवर घरात कोणी बोललं नाही.

पण नवीन भानगड. त्याच रेकॉर्डची पहिली बाजू लावली. 'सो व्हॉट' फोनवर पांढरी दोनात आहे. आमच्याकडे पांढरी दोनाच्या जरा वर लागतंय, काळी दोनापर्यंत मात्र जात नाही. आप्पा म्हणतात पुली किंचित जास्त जाड झाली. मग दुसरी बाजू बरोबर कशी? तीच तबकडी, तेच यंत्र!

मिरज_जंक्शन

आप्पांना माझा नमस्कार सांगा. पुली बरोबर आहे, आप्पाही बरोबर आहेत. चूक न्यूयॉर्कची आहे, १९५९ची.

पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्च १९५९ला कोलंबियाच्या स्टुडिओत मुद्रित झाली. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र थोडं हळू चालत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढणारच. दुसऱ्या बाजूचं काम २२ एप्रिलला झालं, तेव्हा यंत्र ठीक होतं. जुन्या सगळ्या छापांमध्ये ही चढी पहिली बाजू तशीच आहे. २ मार्चला जोडीला दुसरंही टेपयंत्र चालू होतं आणि ते बरोबर होतं. त्यातल्या टेपवरून १९९२ साली सुधारित आवृत्ती निघाली. फोनवर तुम्ही ती ऐकताय, तुमच्या मामांकडची जुनी आहे. बिचारे वाजवणारे इतकी वर्षं आपल्या सुरापेक्षा वर ऐकले गेले.

खोक्यात डेव्ह ब्रूबेकची 'टाइम आउट' असेल तर आप्पांना 'टेक फाइव्ह' ऐकवा. पाच मात्रा, म्हणजे झपतालाचा अर्धा, फक्त २-३ऐवजी ३-२. ब्रूबेक १९५८ला भारतात येऊन गेला होता, मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवलंही होतं.

कृष्णाकाठ

'टाइम आउट' आहे! गाळाच्या खोक्यात. आत्ता ताटाळ्यात वाळतेय. पहिल्या बाजूचा खुलासा आप्पांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग पेटी बरोबर होती," आणि उठून गेले. लेथवाले दादा, तुमच्यावर शंका घेतली, माफ करा.

लेथवाला_कुपवाड

माफी कसली, माझ्या कामावर शंका मीच आधी घेतो. एक राहिलं. जुनी पुली टाकू नका. तिच्या बारक्या स्क्रूसकट पुडीत बांधून प्लेअरच्या तळाशी चिकटवून ठेवा. उद्या घरातलं कोणी प्लेअर घेऊन परत शिकागोला गेलं तर तिकडे तीच लागेल. माझी पुली तिकडे लावलीत तर खाँसाहेब शिट्टी वाजवतील.