मदत हवी आहे: होस्टिंग बदलल्यावर वेबसाइटचे मेल आमच्याच डोमेनवर येत नाहीत

वर्डप्रेस साइट नव्या सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) सर्व्हरवर हलवली. मेल पूर्वीपासून गूगल वर्कस्पेसवर आहे. एमएक्स रेकॉर्डना (डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या नोंदी) हात लावलेला नाही, बाहेरचे मेल नीट येतात. अडलंय ते ऑर्डरच्या मेलपाशी. ग्राहकाच्या जीमेलवर ते जातात, आमच्या डोमेनच्या पत्त्यावर मात्र येत नाहीत, स्पॅममध्येही नाहीत.

एसपीएफमध्ये (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती नोंद) नव्या सर्व्हरचा आयपी घातला (रेकॉर्ड एकच ठेवलाय), टीटीएल (जुनी नोंद इतरत्र साठून राहण्याची मुदत) संपेपर्यंत थांबलो, फरक नाही. सीपॅनेलच्या ईमेल राउटिंगमध्ये 'लोकल मेल एक्स्चेंजर' (म्हणजे डोमेनचे मेल याच सर्व्हरवर ठेवायचे) निवडलेलं दिसतंय, आणि त्याच सर्व्हरचं वेबमेल उघडलं तर हरवलेले मेल तिथेच साचलेत! ऑर्डर रोज येतात, त्यामुळे साइट बंद ठेवता येणार नाही.

राउटिंग 'रिमोट' (म्हणजे मेल बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवायचे) केलं तर हे साचलेले मेल जागच्या जागी राहतील ना? आणि ते तारखांसकट गूगलकडे कसे न्यायचे?