घर आणि काम : बसलेली घडी टिकते कशी?

सुट्टीच्या दिवशी जोर करून कपाट लावणं फारसं अवघड नाही. कामाचा रेटा असताना, घरात कुणी आजारी असताना, पाहुणे येऊन गेल्यावर ती घडी शाबूत राहते का, हा खरा प्रश्न आहे. त्यामुळे सल्ले नकोत, अनुभव हवेत. घरात किंवा कामावर अंगवळणी पडलेली आणि ओढाताणीच्या काळातही न सुटलेली एखादी रीत सांगा, ती का टिकली असं वाटतं तेही लिहा.

सुरुवात मी करते. मी घरून काम करते, मध्येच उठावं लागणं रोजचंच. उठण्याआधी मी एक ओळ लिहिते : "तिसऱ्या तक्त्याची बेरीज जुन्या आकड्याशी जुळवायची, मग पत्र पाठवायचं." इतकं नेमकं. परत आल्यावर 'कुठे होते मी?' यात वेळ जात नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये याबद्दल लिहिलं होतं : काम अर्धवट सोडून दुसरीकडे वळलं की मनाचा एक भाग मागेच रेंगाळतो आणि नवं काम त्यामुळे ढिलं होतं. ती ओळ लिहिली की माझं रेंगाळणं खूप कमी होतं.

रात्री झोपताना उद्याच्या कामांचीही अशीच यादी करते. २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेल्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली होती. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर, असंही त्यात दिसलं. आता तुम्ही लिहा.

*

मी परिचारिका आहे. पाळी बदलताना रुग्णाची माहिती आम्ही ठरलेल्या क्रमानेच देतो : आत्ता स्थिती काय, आधी काय झालं, आमचा अंदाज काय, पुढे काय करायला हवं. दमलेल्या माणसाच्या आठवणीवर काही सोडायचं नाही, या एका विचारावर आमची सगळी शिस्त उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी आणली. भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी, असं तीनदा थांबून ती मोठ्याने वाचायची. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. त्या यादीत कुणाला ठाऊक नसलेलं असं काहीच नाही. रुग्ण तोच ना, बाजू बरोबर ना, अ‍ॅलर्जी आहे का, आत काही राहिलं नाही ना.

घरी आईच्या गोळ्यांसाठी मी तेच तत्त्व वापरते. वारांप्रमाणे कप्पे असलेली डबी, प्रत्येक वाराला सकाळ आणि रात्र. मंगळवार रात्रीचा कप्पा रिकामा दिसला की आईला "घेतलीस का गं?" विचारावं लागत नाही, तिलाही आठवत बसावं लागत नाही. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय : गोळीचं नाव, मात्रा, कशासाठी, कधी. डॉक्टरांनी काही बदललं की जुनी ओळ खोडायची आणि शेजारी तारीख घालायची. नवा कागद सवडीने होतो, पण खोडण्याचं काम त्याच दिवशी. डबी मी भरते, भाऊ ताडून बघतो. मी रात्रपाळीला असले आणि शेजारच्या काकूंना आईजवळ बसावं लागलं, तरी त्यांना मला फोन करावा लागत नाही.

*

परिचारिका ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. माझं आयुष्य यंत्रशाळेत गेलं. आमच्याकडे हत्यारांची फळी असते. भिंतीवर रंगवलेला बोर्ड, त्यावर प्रत्येक पाना, पक्कड, हातोडीची आकृती काढलेली. हत्यार जागेवर असलं की आकृती झाकलेली. नसलं की दहा पावलांवरून रिकामी आकृती दिसते. पाळी संपताना मोजदाद करायला कुणी लागत नाही, फळीकडे एक नजर टाकली की झालं. नवा मुलगा पहिल्या दिवशीही पाना बरोबर जागी अडकवतो, कारण जागाच त्याला सांगते.

हे जपानी कारखान्यांतून आलेल्या '५ एस' या पाच पावलांच्या नीटनेटकेपणाच्या पद्धतीचं दुसरं पाऊल, सेइतोन, म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा. पहिलं सेइरी, म्हणजे हवं-नको वेगळं करणं. माझ्या अनुभवात लोक पहिलं पाऊल गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतात, आणि मग नको असलेल्या वस्तूही छान रचून ठेवतात. त्यावर लाल चिठ्ठीचा उपाय फार चांगला आहे. एखादी वस्तू लागते की नाही याबद्दल शंका असली, तर वाद घालायचा नाही. लाल चिठ्ठीवर तारीख टाकून ती वस्तूला बांधायची आणि वस्तू वेगळ्या जागी न्यायची. ठरलेल्या मुदतीत कुणी मागायला आलं, तर ती परत. कुणी आलं नाही, तर कायमची काढून टाकायची.

घरात याचं रूप म्हणजे माळ्यावरचं एक खोकं, त्यावर मोठ्या अक्षरात तारीख. सौभाग्यवतींचा वस्तू टाकायला विरोध असायचा आणि तो रास्तही होता, टाकलेलं परत येत नाही. खोक्यातली वस्तू मात्र मागता येते. त्यामुळे आमच्यातली कुरबुर संपली. किल्ल्यांसाठी दाराजवळ चार खिळे, प्रत्येकाखाली त्या किल्लीची आकृती. नातवंडंसुद्धा किल्ली तिथेच लावतात.

*

माझं थोडक्यात. दोन लहान मुलं, दोघांच्याही नोकऱ्या. रात्री दहा मिनिटं सगळे मिळून फक्त दाराजवळचा कोपरा लावतो : पिशव्या, बूट, सही करायचे कागद, चार्जर. बाकी घर कसंही असो. सकाळ शांत जाते.

*

मला मोठेपणी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाणाऱ्या अवस्थेचं, निदान झालं. वर ज्यांनी लिहिलंय त्यांचं मनापासून पटलं, पण माझ्यासारख्यांसाठी थोडं वेगळं सांगते. माझ्या बाबतीत नजरेआड झालेली वस्तू डोक्यातूनही जाते. बंद कपाट, झाकणाचे डबे, फायलींचे सुबक खण हे सगळं दिसायला सुरेख असतं, पण त्यात गेलेलं बिल माझ्यासाठी उरतच नाही. म्हणून माझ्याकडे झाकणं नाहीत. उघड्या टोपल्या, पारदर्शक खोकी, कपड्यांसाठी आकडे. घडी घालून, हँगरला लावून, कपाट उघडून आत ठेवणं म्हणजे चार पायऱ्या; आकड्याला अडकवणं म्हणजे एक. वस्तू जागेवर जायला एकाहून जास्त पायऱ्या लागत असतील, तर ती थकलेल्या संध्याकाळी खुर्चीवरच पडणार, हे मी गृहीतच धरते.

दुसरं, टोपलीची जागा मी ठरवत नाही, वस्तू ठरवते. आल्या आल्या पाकिटं जिथे पडतात, तिथेच पाकिटांची टोपली. औषध चहाच्या कपाशेजारी, कारण कपाकडे हात जातोच.

वेळेचंही तसंच. 'थोड्या वेळाने' हे मला कळत नाही. म्हणून टेबलावर लाल चकती कमी होत जाणारं घड्याळ आहे, उरलेला वेळ डोळ्यांना दिसतो. आणि कंटाळवाणं काम असेल तेव्हा मैत्रिणीला व्हिडिओ कॉल. ती तिचं काम करते, मी माझं, बोलत कुणीच नाही. समोर कुणीतरी बसलंय एवढ्यानेच माझा हात चालू राहतो. घर पाहून कुणी "किती पसारा" म्हणालं तरी आता मी ओशाळत नाही. मला हवं ते मला मिळतं.

*

एडीएचडीबद्दल लिहिणाऱ्या ताईंना ग्रंथालयातून पाठिंबा. आमच्याकडे वाचकांना विनंती असते की पुस्तक पाहून झालं की टेबलावरच ठेवा, मांडणीवर परत लावू नका. नवख्यांना याचं नवल वाटतं. पण टेबलावरचं पुस्तक आम्हाला सापडतं. एक रांग चुकून ठेवलेलं पुस्तक असून नसल्यासारखं, पुढची मोजणी होईपर्यंत ते हरवलेलंच. घरातही मी एक 'परत जायचं' ट्रे ठेवलाय. जागा ठाऊक नसेल तर अंदाजाने कुठेतरी कोंबू नका, ट्रेमध्ये टाका. आठवड्यातून एकदा मी तो रिकामा करते.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. कपाट लावताना मी हेच विचारते की ही मांडणी कुणाचा वेळ वाचवतेय. रंगांप्रमाणे लावलेली पुस्तकं मला देखणी वाटतात, पण ज्यांना पुस्तक नावावरून शोधायचंय त्यांचा वेळ जातो.

आणखी एक. टेबलावर ढीग ठेवणाऱ्यांना लोक फार बोलतात, पण ढिगात नुकतं वापरलेलं वरच राहतं. जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांची पद्धत बघा : प्रत्येक विषयाचं एक पाकीट, कडेवर नाव आणि तारीख, पाकिटं उभी. वापरलेलं पाकीट परत ठेवताना नेहमी डाव्या टोकाला. न लागणारी आपोआप उजवीकडे सरकत जातात, वर्गीकरण करावंच लागत नाही. नुकतं वापरलेलं पुढे ठेवत जाण्याच्या या रीतीचा स्लेटर आणि टार्जन या संगणकतज्ज्ञांनी १९८५ मध्ये गणिती अभ्यास केला. पुढे काय लागणार हे आधीच ठाऊक असलेल्या व्यवस्थेच्या तुलनेतही या रीतीत शोधण्याची मेहनत फार तर दुपटीच्या आसपास जाते, असं त्यांनी सिद्ध केलं. भविष्य न कळता एवढं जमणं मला तरी थक्क करतं.

*

कार्यालयातल्या संगणकावरच्या फायलींबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. नावाची सुरुवात तारखेने, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, महिना एक आकडी असला तरी आधी शून्य : २०२४-०३-०७. आयएसओ ८६०१ हे तारीख लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हेच सांगतं. फायदा असा की नावानुसार लावलं की काळानुसारही लागतं. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरंच' या नावांचा त्रास ज्यांनी सहकाऱ्यांकडून सोसलाय त्यांना हे पटेल. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. आणि अधूनमधून प्रत उघडून बघायची, कारण न उघडणारी प्रत असून उपयोग नाही.

*

मी निवृत्त लेखापाल. माझं म्हणणं जरा निराळं आहे. मी आयुष्यभर कागद नीट ठेवले, पण ते माझ्यापुरते नीट होते. मागे माझं ऑपरेशन ठरलं, तेव्हा भरती व्हायच्या आधी आम्ही दोघं नवरा-बायको एका दुपारी बसलो. मी काहीच बोलायचं नाही आणि तिने एकेक कागद शोधायचा, असं ठरवलं. विम्याची पॉलिसी तिला लगेच मिळाली. घराची मूळ कागदपत्रं नाही मिळाली. फाइलवर मी माझ्या सोयीचं संक्षिप्त नाव घातलं होतं. ते तिच्या शब्दांत बदललं. त्या दुपारपासून फायलींची नावं ती ठेवते, मी नाही.

सगळ्यात वर एकच पान असतं : कुठे खातं, कुठे विमा, वारस म्हणून कुणाची नोंद, कुठला कागद कुठल्या फायलीत, अडलं तर कुणाला विचारायचं. पासवर्ड त्या पानावर नाहीत, ते वेगळे आणि तिला माहीत असलेल्या जागी. पानाच्या तळाला शेवटची तपासणी कधी केली ती तारीख. दर वर्षी कर भरून झाला की आम्ही ते पान पुन्हा वाचतो. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. पण भूल चढण्याआधी मला घरच्या कागदांची काळजी नव्हती, हे मी कधी विसरणार नाही.

*

लेखापाल काकांचं वाचून आमच्या घरातलं सांगावंसं वाटलं. आमच्याकडे भांडणाचं मूळ पसारा कधीच नव्हतं. सगळं लक्षात कुणी ठेवायचं, हे होतं. नवरा सांगितलेलं काम लगेच करायचा, पण सांगावं लागायचं, आणि काय संपलंय, कुणाची लस कधी आहे, गळणाऱ्या नळासाठी कुणाला बोलवायचं हे सगळं माझ्या डोक्यात. आम्ही भिंतीवर एक फळा लावला : करायचं, चालू, झालं. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान या चिठ्ठ्यांवर काम चालवण्याच्या पद्धतीवरून ही मांडणी पुढे कार्यालयांत आली, माझ्या कामावरही तीच आहे. तिथून एक नियम उचलला, 'चालू'मध्ये एका वेळी तीनच चिठ्ठ्या. चौथी हवी असेल तर आधी एक पूर्ण करा.

पण खरा फरक पडला तो दुसऱ्या नियमाने : चिठ्ठी ज्याची, त्याचं काम अथपासून इतिपर्यंत. लसीची चिठ्ठी त्याची, म्हणजे तारीख बघणं, वेळ घेणं, रजा टाकणं, घेऊन जाणं, पुढच्या डोसची चिठ्ठी लावणं, सगळं त्याचं. मी मध्ये आठवण करायची नाही. सुरुवातीला मला ते फार जड गेलं, जीभ शिवशिवायची. आता मुलांच्या दवाखान्याच्या फायलीत काय आहे हे मला त्याला विचारावं लागतं. परवा धाकटीने स्वतःची पहिली चिठ्ठी लावली, 'कुंडीला पाणी', आणि ती कुणाची हे बाजूला स्वतःच लिहिलं.