शब्द हवा: ‘शूटिंग बॅग’ (मराठी शब्दांच्या एका मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खडूचा तुकडा

मी पेनसिल्व्हेनियात असतो. इथे नाताळ झाला की दुसऱ्या दिवसापासून हरणांच्या शिकारीचा एक जादा हंगाम लागतो, तो फक्त चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या, बंदुकांचा. १९७४ पासून हा प्रकार चालू आहे. शिंगातून दारू मापात ओतायची, नळीच्या तोंडातून आत सोडायची, तेलकट कापडाच्या तुकड्यात बसवलेली शिशाची गोळी वर ठेवायची आणि गजाने ठासायची. हे सगळं हरिण पळून जायच्या आत.

शेजाऱ्याने या कामाची पिशवी, ‘शूटिंग बॅग’, स्वतः शिवली आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तिच्यावर दोन पानं लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. ‘नेमबाजीची पिशवी’ लिहिलं, तर बायको म्हणाली, ऑलिंपिकला निघालाय का तो?

पिशवी लहानच, जेमतेम आठ इंच रुंद. वरून झाकण, आत दोन कप्पे. पट्टा असा बेतलेला की पिशवी उजव्या कोपराखाली बरगडीला टेकते. पट्ट्यालाच वादीने एक तार आणि छोटा ब्रश बांधलाय, ठिणगी नळीत जायचं बंदुकीचं बारीक भोक साफ करायला. त्याने माझ्याशी बोलता बोलता आत हात घातला आणि न बघता एकेक वस्तू टेबलावर मांडली: गोळ्या, कापड, जादा गारगोट्या, हरणाच्या शिंगाचं माप, पेचकस, अडकलेली गोळी ओढून काढायचा स्क्रू. परत ठेवतानाही बघितलं नाही.

याला मराठीत काय म्हणू? इथे बरेच जण ‘पॉसिबल्स बॅग’ म्हणतात. शक्यतांची पिशवी?

आणखी एक. ‘शिंगातली दारू’ वाचून मुलीने विचारलं, शिकारीला जाताना पितात का?

तळकोकण

पिशवीचं नंतर बघू. बंदुकीला शब्द तयार आहे, ‘ठासणीची बंदूक’. आमच्याकडे अजून चालतो. शेती संरक्षणाच्या परवान्यावर कित्येक घरांत ती होती, आणि बिनपरवाना सापडली की पेपरात बातमी येते तीही याच नावाने. (शिकार १९७२ च्या कायद्याने बंद, हे सांगून ठेवतो, नाहीतर खाली कोणीतरी सांगेलच.) ठासून भरलेली एसटी आणि ठासून सांगणारे मामा, सगळे याच ‘ठासणे’तले.

त्या भोकाला ‘कान’ म्हणा. मुलीसाठी ‘बंदुकीची दारू’ लिहा, पुढे मग नुसती दारू चालेल.

पिशवीला आमच्या घरी नाव नव्हतं. आजोबा म्हणायचे, “ती आण गो,” आणि आजीला कळायचं.

कोशातला किडा

कानापाशी जी बारीक दारू घालतात ती ‘रंजक’. ‘रंजक कथा’मधला रंजक संस्कृत, त्याचा हिच्याशी संबंध नाही. रंजक नुसतीच भुर्रकन उडाली आणि आतला बार झालाच नाही, तर शिकाऱ्याची जी फजिती होते तिच्यासाठी इंग्रजीत ‘फ्लॅश इन द पॅन’ असा वाक्प्रचार आहे. आपण ‘फुसका बार’ म्हणतो, अगदी तंतोतंत नाही, पण जवळचं.

‘शक्यतांची पिशवी’ कृपा करून नको. एक तर ती कवितासंग्रहाचं नाव वाटते. दुसरं म्हणजे ‘पॉसिबल सॅक’ हा शब्द अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या, सापळे लावणाऱ्या शिकारी मंडळींचा. ते तिच्यात स्वतःचं किडुकमिडुक ठेवत. गोळ्यांची पिशवी वेगळी, तिला जुनं नाव ‘शॉट पाऊच’. हल्लीच्या हौशी लोकांनी दोन्हींची सरमिसळ केली.

‘तोसदान’ सुचवणार होतो. जुना लष्करी शब्द आहे, पण ते तयार काडतुसांचं. तुमच्या शेजाऱ्याकडे काडतूसच नाही. मग ‘बटवा’?

रापी-आरी

बटव्याला तोंडाशी दोरी असते, ओढली की मिटतो. एका हातात बंदूक धरून बटवा उघडून दाखवा. म्हणून याला झाकण. चंचीत कप्पे असतात पण ती उलगडावी लागते. पडशीला दोन तोंडं.

मी कोल्हापूरचा, चामड्यात हात असलेला. अशी एक पिशवी मागणीवरून शिवली आहे. दोन पाखांच्या मध्ये चामड्याची बारीक पट्टी घालतात, कपड्याला मगजी लावतात तशी, म्हणजे टाक्यावर ताण येत नाही. मेण लावलेला सुती दोरा, दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर. सगळं उलटं शिवायचं आणि ओलं असतानाच सुलटं करायचं. हे सुलटं करणं म्हणजे वासराला घरात ओढण्यासारखं. पहिल्या खेपेला माझा कोपराच उसवला.

गिऱ्हाइकाला काळी हवी होती. ते लोक लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये मुरवून लावतात. हिरडा-बाभळीने कमावलेल्या कातड्यावर तो हात फिरवला की डोळ्यांदेखत काळं पडतं. हिरडा आणि हिराकशीची शाई करायचे ना, तेच हे. क्रोमच्या रसायनाने कमावलेल्या चामड्यावर असं होत नाही.

शब्द माझ्या मते ‘धोकटी’. न्हावी धोकटीत न बघता हात घालतो आणि वस्तराच बाहेर येतो, कात्री नाही. तुमचा शेजारी तेच करतोय.

कोशातला किडा

धोकटी म्हटलं की वाचकाला हजामत दिसणार.

रापी-आरी

दिसू दे की. भाता म्हटल्यावर काहींना बाण दिसतात, काहींना लोहार. तेवढ्यासाठी कोणी भाता टाकून दिला नाही. पिशवीत काय ठेवलंय यावर नाव ठरवायला गेलात तर गोळ्या, कापड, गारगोट्या, यादी संपायची नाही. हात कसा चालतो ते बघा.

तळकोकण

धोकटीला माझं मत. पहिल्यांदा ‘शिकाऱ्याची धोकटी’ लिहा, मग नुसती धोकटी.

खडूचा तुकडा

लिहून टाकलं. बायकोनेही पास केलं. शेजाऱ्याला सांगितलं की आमच्याकडे ही न्हाव्याची पिशवी असते. तो म्हणाला, कातडं सोलायची सुरी तिच्यातच असते, तेव्हा फारसं चुकलेलं नाही.

एक राहिलं. गोळीभोवती गुंडाळतात त्या कापडाच्या तुकड्याला काय म्हणू?

तळकोकण

चिंधी. दुसरं काय?