मदत हवी आहे: बंबारा भाषेतील ‘को’ला क्रियापद म्हणावे की अव्यय?

पश्चिम आफ्रिकेतील भाषांमध्ये दुसऱ्याचे बोलणे कसे सांगितले जाते, यावर मी मराठीतून एक लेख लिहीत असून मालीतील बंबारा भाषेपाशी अडलो आहे.

बंबारात कर्त्यानंतर काळ आणि होकार-नकार दाखवणारा शब्द येतो (‘आ बॅ ता’, म्हणजे तो जातो किंवा ती जाते), नाहीतर क्रियापदाला प्रत्यय लागतो (‘आ तारा’, म्हणजे तो गेला किंवा ती गेली). ‘को’ मात्र यांपैकी काहीही न घेता थेट सर्वनामाला भिडतो. ‘आ को’ म्हणजे तो म्हणतो किंवा म्हणाला. काळ संदर्भावरून समजून घ्यायचा. ‘न को’, म्हणजे ‘मी म्हणतो’, ही जोडी तर बंबारा ज्यात मोडते त्या मांडिंग समूहातील भाषांची सामाईक खूण आहे. सोलोमाना कांते यांनी १९४९ मध्ये या भाषांसाठी घडवलेल्या, उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपीचे ‘न्को’ हे नाव त्यातूनच आले.

अडचण अशी की ‘फॉ’, म्हणजे सांगणे, हे रीतसर क्रियापद वापरले तरी पुढे ‘को’ येतोच: ‘आ या फॉ को...’, म्हणजे ‘त्याने सांगितले की...’. (यातला ‘या’ हा भूतकाळ दाखवणारा ‘ये’ आणि ‘ते’ या अर्थाचा ‘आ’ यांचा जोड आहे.) इथे ‘को’ला ‘की’सारखे उभयान्वयी अव्यय म्हणणे सोपे आहे; पण मग ‘न को’ या वाक्यात क्रियापदच उरत नाही. ‘येतो म्हणून सांगितले’ यातल्या ‘म्हणून’शी तुलना करावीशी वाटते, परंतु तो उक्तीनंतर येतो आणि सर्वनामाशी जुळत नाही.

दुसरा प्रश्न सर्वनामाचा आहे. ‘आ को आ बॅ ता’ यात जाणारा म्हणजे बोलणाराच की आणखी कोणी, हे रूपावरून कळत नाही. घाना-टोगोतील एवे भाषेत ते कळते: ‘कोफी बे येद्झो’ म्हटले की निघणारा कोफीच, ‘कोफी बे एद्झो’ म्हटले की दुसरा कोणी. या ‘ये’च्या जातीच्या सर्वनामांना भाषाशास्त्रज्ञ क्लोद आझेज यांनी १९७४ मध्ये स्वतंत्र संज्ञा दिली. ‘आपण निघाल्याचे कोफीने सांगितले’ यातले आपले ‘आपण’ जवळपास हेच काम करते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे: ‘को’ची दोन्ही रूपे एकाच नावाखाली मांडावीत की वेगळी? आणि एवेतील ‘ये’चा अनुवाद सर्वत्र ‘आपण’ असा केल्यास मराठी वाचकाला तो समावेशक (ऐकणाऱ्यालाही धरून घेणारा) ‘आपण’ वाटण्याचा धोका कसा टाळावा?