मदत हवी आहे: बंगळूरच्या युद्धकाळातल्या विमान-दुरुस्ती डेपोतले कामगार

मंडळी, माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये फिटर होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली काढलेला कारखाना तो. १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाई दलाकडे गेला आणि चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या विमानांची मोठी दुरुस्ती तिथे होऊ लागली. डाकोटा, लिबरेटर, शिवाय पाण्यावर उतरणारी कॅटलिना! इंजिन पूर्ण उघडायचं, झिजलेले भाग बदलायचे, चाचणी घ्यायची, की विमान परत आघाडीवर. अमेरिकी अधिकाऱ्यांचे फोटो सापडतात, पण ज्या हातांनी हे काम केलं त्या भारतीय कामगारांची नावं मला अजून मिळालेली नाहीत, याचं फार वाईट वाटतं. त्यांचे हजेरीपट, पगारपत्रकं कुठल्या अभिलेखागारात शोधावीत? कुणाच्या घरी त्या काळचा बिल्ला, ओळखपत्र, पत्रं असतील तर कृपया कळवा.