इंजिनाच्या हॅश टेबलला लिंक लिस्ट लावणाऱ्यांना नमस्कार

विश्रामबागकर: काल इथे कुणीतरी लिहिलंय की बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमचं, म्हणजे इंजिनाचं, हॅश टेबल (आधी तपासलेल्या पोझिशनची वही) भरलं की चेनिंग करावं, एका जागेवरच्या नोंदी लिंक लिस्टने एकीला एक जोडत जावं, म्हणजे 'एकही पोझिशन वाया जात नाही'. अहो, वाया जायलाच हव्यात! सेकंदाला लाखो पोझिशन येतात, रॅम किती पुरणार? आकार आधीच ठरवायचा, आणि जागा भरली की कुणाला हाकलायचं हाच खरा प्रश्न. नोंद १६ बाइटची ठेवली तर ६४ बाइटच्या कॅश लाइनीत (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) चार बसतात, मेमरीकडे एकच खेप. लिस्टमध्ये प्रत्येक पॉइंटरला नवी खेप.

हरभट_रोड: तो 'कुणीतरी' मीच. वीस प्लाय (एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय) खोल शोधलेली नोंद एखाद्या दोन प्लायच्या फालतू नोंदीने पुसायची? धन्य! आणि झोब्रिस्ट की (पोझिशनवरून काढलेला ओळख-आकडा) जुळली म्हणजे पोझिशन तीच, हे कशावरून? अख्खा पट साठवा.

विश्रामबागकर: खोलीला मान द्या, पण नुसत्या खोलीवर गेलात तर दहा चालींपूर्वीच्या नोंदी ठाण मांडून बसतात. म्हणून नोंदीत वय लिहायचं, आणि चारातली एक जागा येईल त्याला मोकळी. पट कशाला? झोब्रिस्टची युक्ती १९७० ची आहे. ७८१ रँडम आकडे, साध्या चालीला तीन एक्सऑर (बिटांवरची झटपट क्रिया), की तयार. ३२ बिटची की असेल तर मात्र घाबरा, ७७ हजार पोझिशनमध्येच टक्कर, म्हणजे दोन पोझिशनची एकच की, व्हायची शक्यता ५० टक्क्यांवर जाते. ६४ बिटला तोच आकडा पाचशे कोटींच्या घरात.

मिरजकर_पोरगा: चेनिंग नको म्हणता? व्हायव्हाला मी हेच बोललो, जुनी नोंद सरळ पुसायची. एक्स्टर्नल परीक्षक म्हणाले, "डेटा घालवतोस? मग हॅश टेबल कसलं?" गेले मार्क. पोर्शनमध्ये चेनिंग आणि लिनियर प्रोबिंग (पुढची रिकामी जागा शोधणं), बास.

कोडोलीकर: आमच्याकडं तर कोड चालवूनच बघत नाहीत. फाइलचं बाइंडिंग बघतात. इंडेक्स पेजवर सही नव्हती म्हणून मला परत पाठवलंय, प्रोग्रॅम गेला खड्ड्यात.

मिरजकर_पोरगा: सही तरी मिळते का वेळेवर! सर जेवायला गेले की गेलेच.

हरभट_रोड: सबमिशनचं रडगाणं दुसरीकडं गा की राव.

कृष्णाकाठ: तुमच्या इंजिनांनीच पोरं बिघडली. याच सांगलीतून भाऊसाहेब पडसलगीकरांच्या हाताखाली भाग्यश्री साठे घडल्या, पाच वेळा महिला राष्ट्रीय बुद्धिबळ विजेत्या. कुठलं टेबल होतं तेव्हा? माझा नातू डाव हरला की पहिल्यांदा मोबाइल उघडतो, विचार नंतर.

विश्रामबागकर: काका, नातवाचा राग एक्सऑरवर का काढताय? आणि हरभट, स्टॉकफिश हे नावाजलेलं इंजिन नोंदीत कीचे जेमतेम १६ बिट ठेवतं. तुमचा अख्खा पट त्याला कळवू का?

हरभट_रोड: कळवा. म्हणजे टक्कर होते आणि ते चालवून घेतात, हे तुम्हीच कबूल केलंत!

विश्रामबागकर: चालतंच. टेबलातली चाल खेळण्याआधी ती नियमात बसते का हे तपासतात.

हरभट_रोड: बरं बाबा, चेनिंग मागे घेतो, तुमचा जीव शांत होऊ दे. पण तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत जाऊ शकतो, आणि तुमच्या कीला मागचा रस्ता माहीतच नाही. जिंकलेला डाव बरोबरीत घालवतं तुमचं टेबल.

विश्रामबागकर: ते दुखणं सगळ्याच इंजिनांचं. टेबल बघायच्या आधी पुनरावृत्ती तपासायची, तरी थोडं उरतंच. लिंक लिस्ट लावून ते बरं होत असेल तर सांगा, आत्ता कोड बदलतो.